चिखलाची पकड

माझं आजोळ परभणीकडचं, सगळं काळं रान. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की त्या रानात चालणं म्हणजे शिक्षाच. दहा पावलांत चप्पल दुप्पट जड होते, आणखी दहा पावलं टाकली की ती पायात राहणार की मातीत हे माती ठरवते. शेवटी माणूस मुकाट्याने चपला हातात घेतो. तेच रान एप्रिलमध्ये बघावं, तर हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा पडलेल्या. पावसात फुगायचं, उन्हात आकसायचं, आणि ओलं असताना जे येईल ते धरून ठेवायचं, असा या मातीचा स्वभाव.

या स्वभावामागे मुख्यतः खनिजांचं एक कुटुंब आहे. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून 1847 मध्ये त्याला हे नाव मिळालं. उच्चारायला अवघड, पण घरात ओळखीचं आहे. चेहऱ्याला लावायची मुलतानी माती साधारण याच कुळातली. चेहऱ्यावरचं तेल ती ओढून घेते ते याच गुणामुळे.

हे खनिज तेल धरतं, पाणी धरतं, खत धरतं हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते डीएनए आणि आरएनए सुद्धा धरतं, हे मात्र गेल्या साठेक वर्षांत हळूहळू उलगडत गेलं. आनुवंशिक माहिती वाहणारे हे रेणू मातीच्या कणाला चिकटतात आणि चिकटल्यावर सहजासहजी नष्ट होत नाहीत. त्यामुळे पृथ्वीवर जीवसृष्टी सुरू कशी झाली या प्रश्नात चिखलाला मानाचं पान मिळालं आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. आपल्या काळ्या रानात जीवसृष्टी जन्मली असं कोणीही म्हणत नाही. ही माती ज्या दख्खनच्या कातळापासून झाली तो कातळच सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपायच्या सुमाराचा. सजीवांच्या जुन्या खुणा 350 कोटी वर्षांच्या आसपासच्या आहेत. पण काळा कातळ आणि पाणी एकत्र आले की बहुधा याच कुळातली खनिजं बनतात, हा नियम तेव्हाही होता. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सांगतात की सुमारे 440 कोटी वर्षांपूर्वीही पृथ्वीवर पाणी असावं. कातळ होता, पाणी होतं, म्हणजे चिखलही असणार.

कणाच्या आत

चिरोटा डोळ्यांसमोर आणा. एकावर एक पापुद्रे, आणि मध्ये तूप शिरायला जागा. मॉन्टमोरिलोनाइटचा कण तसाच असतो. फक्त त्याचा एक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्याचं शरीर सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचं. दोन पापुद्र्यांच्या फटीत पाणी शिरतं आणि ते दूर सरकतात. मातीचं फुगणं ते हेच, आणि भेगा म्हणजे पाणी निघून गेल्याची पावती.

मूळ गंमत जाळीतल्या एका चुकीत आहे. खनिज बनत असताना काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसतं. ॲल्युमिनियम तीन धनभार घेऊन येतो, मॅग्नेशियम दोनच. तीन रुपयांचा हिशेब दोन रुपयांत भागवला तर एक रुपयाची तूट राहणारच. अशा असंख्य तुटी मिळून अख्खा पापुद्रा ऋणभारित होतो. ही तूट जाळीच्या आतच कायमची बसलेली असते, धुऊन जात नाही. ती भरून काढायला बाहेरून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे धनभारित आयन पापुद्र्याभोवती घोटाळत राहतात. ते पक्के बांधलेले नसतात. एक गेला की दुसरा येतो. तुम्ही टाकलेल्या खतातलं अमोनियम आणि पोटॅश काळी माती धरून ठेवते ते याच अदलाबदलीने. माती परीक्षणाच्या अहवालात आयन-विनिमय क्षमता असा रकाना दिसला, तर तो याच तुटीचा आकडा.

आता या कणाला पृष्ठभाग किती? शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरता आले, तर एका ग्रॅमला साडेसातशे चौरस मीटर भरतील. आपल्या भाषेत जवळपास सात गुंठे! चिमूटभर मातीत सात गुंठ्यांचं रान दडलेलं असतं. म्हणून इथे काहीही आत मुरत नाही, सगळं वर चिकटतं. या वर चिकटण्याला पृष्ठशोषण म्हणतात. पुढची सगळी गोष्ट पृष्ठशोषणाचीच आहे.

दोघांचाही भार ऋण, मग जमतं कसं?

डीएनएचा कणा साखरेचा आणि फॉस्फेटचा. साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट अशी माळ, आणि प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋणभार. आरएनएचंही तसंच. मातीचा पापुद्राही ऋण. शाळेत शिकलो त्याप्रमाणे सारखे भार एकमेकांना ढकलतात. म्हणजे डीएनए मातीपासून दूर पळायला हवा.

आणि तो पळतोही, जर पाण्यात क्षार जवळपास नसतील तर. पण त्याच पाण्यात थोडं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं मीठ घातलं की चित्र बदलतं. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांच्या मध्ये आई बसली की दोघंही एका पंगतीत जेवतात, तसं काहीसं. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात. एका हाताने तो पापुद्र्याला धरतो, दुसऱ्याने डीएनएच्या फॉस्फेटला. इटलीतल्या फ्लॉरेन्सचे एंझो गालोरी आणि अमेरिकेतले जेम्स फेरिस यांच्या गटांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हीच मध्यस्थी नीट तपासली होती. सोडियमला एकच हात, त्यामुळे तेवढंच काम करायला तो कितीतरी जास्त लागतो. समुद्राच्या पाण्यात सोडियम भरपूर आहेच, शिवाय मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही आहेत.

मध्यस्थाशिवायही दोन वाटा आहेत. चिरोट्याच्या कडा आठवा, तुटलेल्या, खडबडीत. मातीच्या पापुद्र्यांच्या कडाही तशाच, आणि तिथे ॲल्युमिनियम उघडा पडलेला असतो. पाणी आंबट असेल तर या कडांवर धनभार येतो आणि फॉस्फेट तिथे थेट जाऊन बसतं. सपाट पृष्ठभागावर फारसा भार नसलेल्या केओलिनाइटसारख्या खनिजात, म्हणजे चिनी मातीची भांडी होतात त्या मातीत, कडांचं हे काम मोठं असतं. दुसरी वाट डीएनएमधल्या अक्षरांची, म्हणजे ज्यांच्या क्रमात माहिती लिहिलेली असते त्या घटकांची. पाणी बरंच आंबट झालं की ॲडेनीन आणि सायटोसीन ही अक्षरं स्वतःच धनभार उचलतात आणि मग मातीकडे ओढली जातात. म्हणून सामू (pH) घसरत गेला, म्हणजे आंबटपणा वाढत गेला, की चिकटणं वाढत जातं.

डीएनएचा दुहेरी पीळ दोन नॅनोमीटर रुंद असतो. पापुद्र्यांच्या फटीत तो एरवी सहज मावत नाही, बाहेरच्या पृष्ठभागावर आणि कडांवर बसतो. सुटे न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखळीचे एकेकटे मणी, मात्र फटीत शिरू शकतात. हा फरक लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

हे सगळं खरं कशावरून? चिकण मातीतून डीएनए काढायचा असतो त्यांना विचारा. मातीतले जिवाणू ओळखायला आधी त्यांचा डीएनए बाहेर काढावा लागतो. पेशी फोडली की डीएनए बाहेर येतो आणि तत्क्षणी शेजारच्या मातीच्या कणाला चिकटून बसतो. नळीत हाती काहीच लागत नाही. यावर एक उपाय म्हणजे द्रावणात भरपूर फॉस्फेट घालायचं. डीएनए फॉस्फेटच्या हाताने चिकटतो, मग त्या जागा स्वस्त फॉस्फेटनेच अडवून टाकायच्या. काही ठिकाणी तर साय काढलेल्या दुधाची पावडर घालतात! दुधातली प्रथिनं आधी जाऊन मातीच्या जागा बळकावतात आणि डीएनए मोकळा राहतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरण्याचाच हा प्रकार. प्रयोगशाळेत मला सगळ्यात आवडलेली युक्ती हीच.

धरलं म्हणजे वाचलं

चिकटलेल्या डीएनएचं पुढे काय होतं? मातीत एन्झाइमांचा सुळसुळाट असतो. उघडा डीएनए दिसला की ते त्याचे तुकडे करतात. पण मातीला चिकटलेला डीएनए त्यांच्या तावडीत नीट सापडत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गुंथर स्टॉट्स्की यांच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये दाखवलं की मॉन्टमोरिलोनाइटवर बसलेला जिवाणूचा डीएनए एन्झाइमपासून बराचसा बचावतो. एवढंच नाही, त्याच अवस्थेत दुसरा जिवाणू तो उचलून आपल्यात सामावूही शकतो. म्हणजे अक्षरं वाचण्याजोगी राहतात. याची दुसरी बाजू आज काळजीची आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही अशीच मातीत टिकून राहू शकतात.

फ्लॉरेन्सच्या गटाने आरएनएचाही प्रयोग केला. स्वतः रासायनिक काम करणारा एक छोटा आरएनए त्यांनी मातीवर बसवला आणि त्यावर अतिनील किरणं सोडली. मोकळ्या आरएनएपेक्षा मातीवरचा आरएनए जास्त काम करत राहिला. पहिल्या पृथ्वीवर ओझोनचा थर नव्हता, त्यामुळे या निकालाला वजन आहे.

पण धरण्याचा खरा पल्ला दिसला तो ग्रीनलंडमध्ये. बेटाच्या उत्तर टोकाला काप कोबेनहाव्हन नावाचा गाळाचा थर आहे. आज तिथे थंड वाळवंट आहे. एस्के विलर्स्लेव्ह, कुर्ट केअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गाळातून काढलेला डीएनए डिसेंबर 2022 मध्ये जगासमोर आला. वय सुमारे 20 लाख वर्षं. त्याआधीचा विक्रम सायबेरियातल्या मॅमथच्या दाताचा, दहा लाख वर्षांहून थोडा अधिक. ग्रीनलंडच्या गाळात बर्च आणि पॉप्लरची झाडं निघाली, ससे निघाले, रेनडियर निघाले, आणि हत्तीचा नातेवाईक मॅस्टोडॉन निघाला. तो इतक्या उत्तरेला पोहोचला होता हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दात नाही, हाड नाही, नुसता गाळ. त्या गाळातल्या चिकण मातीच्या आणि क्वार्ट्झच्या कणांनी डीएनएचे तुकडे धरून ठेवले होते, आणि थंडीने बाकीचं केलं. परभणीच्या उन्हात हे व्हायचं नाही हे उघड आहे.

त्याआधी 2017 मध्ये लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या विव्हियान स्लोन आणि सहकाऱ्यांनी गुहांमधल्या नुसत्या मातीतून निअँडरथल आणि डेनिसोव्हन या नामशेष झालेल्या माणसांचा डीएनए काढला होता. काही थरांत तर माणसाच्या हाडाचा तुकडासुद्धा सापडलेला नव्हता. पूर्वी पुरातत्त्वाच्या उत्खननात हाडं उचलून नेत आणि माती चाळून टाकत. आता ती माती डब्यांत भरून जपतात.

पातळ सार आणि वाफसा

आता मूळ प्रश्न. डीएनए मातीत टिकतो हे ठीक, पण पहिली साखळी बनलीच कशी?

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1929 मध्ये कल्पना मांडली की सुरुवातीचा समुद्र म्हणजे सेंद्रिय रेणूंचं गरम, पातळ सार होतं आणि त्यात जीवसृष्टी सुरू झाली. हॉल्डेन पुढे 1957 मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या साराची कल्पना भन्नाट होती, पण 'पातळ' या शब्दातच तिची अडचण होती. अख्ख्या समुद्रात विरघळलेले चार रेणू एकमेकांना भेटणार कधी? यात्रेत हरवलेली दोन माणसं, ठरलेली जागा नसेल तर दिवसभर फिरूनही भेटत नाहीत.

दुसरी अडचण पाण्याचीच. न्यूक्लिओटाइडचे दोन मणी जोडताना एक पाण्याचा रेणू बाहेर पडावा लागतो. भोवती सगळं पाणीच असेल तर जोडण्याऐवजी तुटणंच सोपं. जीवसृष्टीला पाणी हवं आणि तिच्या साखळ्यांना ते नको, असा हा पेच.

लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधले जे. डी. बर्नाल यांनी 1947 मधल्या एका व्याख्यानात उत्तर सुचवलं: चिकण माती. तिच्या पृष्ठभागावर विखुरलेले रेणू गोळा होतील, शेजारी शेजारी बसतील, आणि माती त्यांना जोडायलाही मदत करील. डीएनएची रचना तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. ती सापडायला अजून सहा वर्षं होती. स्फटिक आयुष्यभर हाताळलेल्या माणसाला हे सुचलं यात मला नवल वाटत नाही.

बर्नाल यांना हवी होती ती अवस्था शेतकऱ्याला एका शब्दात सांगता येते: वाफसा. चिखल नाही, कोरडंही नाही. पेरणीला योग्य अशी ओल. फार पाणी असेल तर साखळी तुटते, अगदी कोरडं झालं तर रेणू हलूच शकत नाहीत. मधली अवस्था पकडायची तर भरती-ओहोटीचा काठ, आटणारं डबकं, ऊन-पावसाची आलटापालट असं काहीतरी लागतं. डार्विननेही 1871 मध्ये मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात अशाच एका कोमट डबक्याचा विचार बोलून दाखवला होता. मातीच्या दोन पापुद्र्यांमधली फट म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचा वाफसाच. दोन-तीन थर पाणी, त्याहून जास्त नाही, आणि रेणूंना दाटीवाटीने बसायला जागा.

कल्पनेला प्रयोगाचं बळ दिलं ते जेम्स फेरिस यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी अमेरिकेतल्या वायोमिंगची मॉन्टमोरिलोनाइट घेतली, आम्लाने धुऊन सोडियमच्या रूपात आणली, आणि तिच्यावर आरएनएचे मणी सोडले. माती नसताना दोन-तीन मणी कसेबसे जुळत. माती असताना दहाच्या आसपास मण्यांच्या साखळ्या मिळाल्या. 1996 मध्ये त्यांनी आणि लेस्ली ऑर्गेल यांच्यासह सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. तयार असलेली छोटी साखळी मातीवर बसवायची आणि तिला पुन्हा पुन्हा ताजे मणी भरवायचे, लेकराला घास भरवावा तसे. साखळी 55 मण्यांपर्यंत वाढली. या लांबीला महत्त्व का? चाळीस-पन्नास मण्यांचा आरएनए स्वतःभोवती घड्या घालून एखादं रासायनिक काम करू लागण्याची शक्यता असते, म्हणून. तिथून पुढे आरएनएच माहिती ठेवतो आणि आरएनएच कामही करतो, अशा आरएनए-विश्वाची दारं उघडतात.

माती इथे नुसती जागा देत नव्हती. मणी दोन तऱ्हेने जुळू शकतात. एक तऱ्हा आजच्या सजीवांत आहे ती, दुसरी आडवाटेची. मोकळ्या पाण्यात आडवाटेचे जोड जास्त होतात. ॲडेनीनच्या मण्यांच्या बाबतीत मातीने पारडं योग्य जोडाकडे झुकवलं. मात्र कुठलीही माती चालत नाही. काही मॉन्टमोरिलोनाइट हे काम झकास करतात, काही ढिम्म हलत नाहीत. आणि सुटे मणी फटीत शिरतात हे मघाशी पाहिलं. जोडणीचं काम तिथेच होतं याचे पुरावे पुढे मिळाले.

2003 मध्ये मार्टिन हँझिक, शेली फुजिकावा आणि जॅक झोस्टाक यांना अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये आणखी एक मजेदार गोष्ट दिसली. मेदाम्लाचे रेणू पाण्यात साबणाच्या फुग्यासारख्या सूक्ष्म पिशव्या करतात. पेशीचं पटल म्हणजे अशाच पिशवीची सुधारलेली आवृत्ती. मॉन्टमोरिलोनाइट घातली तर या पिशव्या जवळपास शंभरपट वेगाने तयार होऊ लागल्या, आणि मातीचे कण काही पिशव्यांच्या आत सापडले. कणांवर आधी आरएनए बसवून ठेवला असेल तर तोही आयताच आत गेला. म्हणजे एकच माती साखळी विणते आणि तिच्याभोवती पिशवीही गुंडाळते. 2013 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डॅन लुओ यांच्या गटाने चिकण मातीच्या जेलीत जनुकांपासून प्रथिनं बनवण्याचं काम जास्त चांगलं चालतं हेही दाखवलं.

सेंटरिंग

या सगळ्यात सर्वांत धाडसी माणूस म्हणजे ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ ग्रॅहम केर्न्स-स्मिथ. 1966 पासून ते म्हणत आले की माती नुसती मदतनीस नव्हती, पहिलं जनुक तीच होती. मातीच्या स्फटिकात कुठे कोणता अणू चुकला याचा एक नमुना असतो. पापुद्र्यावर पापुद्रा चढताना तो नमुना पुढच्या पापुद्र्यात उतरत असेल, तर ही एक प्रकारची आनुवंशिकता झाली. नंतर कधीतरी आरएनएने तिची जागा बळकावली. दगडी कमानीचं उदाहरण ते देत. कमान दगडावर दगड ठेवून उभी राहते कशी, हे नुसतं तिच्याकडे पाहून कळत नाही, कारण बांधताना खाली असलेला आधार नंतर काढून टाकलेला असतो. आपल्याकडे स्लॅब टाकताना ज्याला सेंटरिंग म्हणतात तेच. स्लॅब पक्का झाला की फळ्या काढून नेतात.

उपमा मला फार आवडते, पण उपमेने सिद्धान्त तरत नाही. 2007 मध्ये बार्ट कार आणि सहकाऱ्यांनी कल्पना तपासून पाहिली. मातीचे कण हाताळायला फारच बारीक, म्हणून त्यांनी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचे मोठे स्फटिक घेतले. एका स्फटिकातले दोष त्याच्यापासून वाढवलेल्या पुढच्या स्फटिकात उतरतात का? उतरले, पण त्यांच्याबरोबर इतके नवे दोष आले की मूळ नमुना पुसट होत गेला. दर पिढीला गिचमिड अक्षरात उतरवलेली पोथी काही पिढ्यांत वाचता येत नाही. स्फटिक हेच पहिलं जनुक, हा दावा त्यामुळे आज फार थोडे लोक करतात.

साध्या दाव्यालाही, म्हणजे माती साखळ्या विणते या दाव्यालाही, खऱ्या हरकती आहेत. फेरिस यांचे मणी साधे नव्हते. इमिडाझोल नावाचा गट आधी जोडून त्यांना जुळण्यासाठी उतावीळ केलेलं होतं. हे काम त्या काळच्या पृथ्वीवर कोणी केलं? मुळात ते मणी तरी तिथे पुरेसे होते का? आणि मला सगळ्यात मोठी वाटणारी हरकत पकडीचीच आहे. माती साखळीला धरते म्हणून ती वाचते, हे खरं. पण साखळीची नक्कल व्हायची तर तिला थोडं सैल व्हावं लागतं, दुसऱ्या साखळीशी जोडी जमवावी लागते, सुटावं लागतं. जी पकड ग्रीनलंडमध्ये 20 लाख वर्षं सुटली नाही, ती पकड जिवंतपणाला सोयीची म्हणायची का? सोडवणूक क्षारांच्या बदलात असू शकते. कॅल्शियम, मॅग्नेशियमचं पाणी आलं की धरायचं, पावसाचं गोडं पाणी आलं की आई उठून गेल्यासारखी पकड ढिली व्हायची. काठावरच्या डबक्यात हे रोज घडू शकतं. अर्थात, 'घडू शकतं' आणि 'घडलं' यांत अंतर आहे. खोल समुद्रातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी सुरुवात झाली म्हणणारे संशोधक ते बरोबर दाखवून देतात.

एखादं संशोधन आलं की वर्तमानपत्रात मथळा येतो: माणूस खरंच मातीतूनच घडला! शेताला काळी आई म्हणणाऱ्यांना तो मथळा गोड वाटणारच. मला तो खटकतो. या साऱ्या कामातली चिकण माती आईपेक्षा ओट्यासारखी आहे. स्वयंपाक ओट्यावर होतो, ओटा नसेल तर होत नाही, पण भाजीत ओटा नसतो.

मंगळावरची माती

ही चिकण माती मंगळावरही आहे. क्युरिऑसिटी गाडीने 2013 मध्ये गेल विवरातल्या एका जुन्या सरोवराच्या तळाला छिद्र पाडलं, तेव्हा त्या भुकटीत सुमारे वीस टक्के स्मेक्टाइट, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटच्याच कुळातली खनिजं, निघाली. मंगळाचा कातळही आपल्या दख्खनसारखा काळा बेसॉल्ट. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर बेसॉल्टमध्येच पडलेलं, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे तिथे येतात.

युरोपच्या अंतराळ संस्थेची पुढची गाडी 2028 मध्ये निघावी असं ठरलं आहे. ती उतरणार ऑक्सिया प्लॅनम या मैदानात, आणि ही जागा निवडली तीच मुळी तिथे चिकण माती भरपूर आहे म्हणून. गाडीचं नाव रोझालिंड फ्रँकलिन. डीएनएचे क्ष-किरण फोटो काढणारी ही शास्त्रज्ञ 1953 मध्ये किंग्ज कॉलेज सोडून बर्नाल यांच्या बर्कबेकमधल्या प्रयोगशाळेत आली आणि तंबाखूवरच्या विषाणूतल्या आरएनएवर काम करू लागली. मातीची कल्पना मांडणाऱ्याच्या प्रयोगशाळेत आलेली, डीएनएची वाट दाखवणारी बाई, आणि तिच्या नावाची गाडी मातीकडे. नाव ठेवणाऱ्यांनी हा योग मुद्दाम जुळवला की नाही, देव जाणे.

गाडी दोन मीटर खोल छिद्र घेणार, कारण वरची माती किरणांनी भाजून निघालेली आहे. वर आलेल्या भुकटीतले सेंद्रिय रेणू तपासायचे तर ते मातीपासून सुटे करावे लागतात. नेहमीची रीत तापवण्याची, पण मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत. तापवलं की ते सेंद्रिय रेणूच जाळून टाकतात. म्हणून या गाडीवर भट्टीच्या जोडीला लेसरही बसवला आहे. क्षणाच्या अगदी बारीक अंशापुरता तो भुकटीवर पडतो आणि परक्लोरेटला काही करायची उसंत मिळण्याआधीच रेणू कणावरून उडून मोजणाऱ्या यंत्रात जातात. आजोबा काळ्या रानाबद्दल म्हणायचे, ही धरते पण सोडत नाही. तिला सोडायला लावायला कोणाला दुधाची पावडर लागते, कोणाला लेसर.